मोराची कडी

"कोण? काय काम? कुणी पाठवलं? पुरावा?"

हे चार प्रश्न मी आजही झोपेतून उठून त्या आवाजात म्हणू शकतो. पहिला घशातून, दुसरा नाकातून, तिसऱ्याच्या आधी एक छोटा खोकला. आणि 'पुरावा' म्हणताना खालचा ओठ असा पुढे काढायचा, की जणू समोरचा त्यावर पुरावा आणून ठेवणार आहे. नकला करण्यात मी शाळेपासून तयार. आमच्या हेडमास्तरांची नक्कल मी त्यांच्याच निरोपसमारंभात केली होती आणि ते हसलेही होते. मतलब हसावंच लागलं, सगळं गाव समोर बसलं होतं. पण काकांसारखा माल मला पुन्हा गावला नाही.

बँकेची परीक्षा पास झालो आणि पोस्टिंग लागलं जयपूरला. आमचं गाव रत्नागिरीजवळचं एक छोटं बंदर. घराच्या मागच्या दाराने पाच पावलं गेलं की पाय ओले. तिथून उचलून एकदम वाळूत. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, तिलक नगरात एक मराठी म्हातारे एकटे राहतात, वरची खोली रिकामी असते, पण भाडेकरू टिकत नाही. मी म्हटलं, आपण टिकू. बॅग घेऊन फाटकाशी उभा राहिलो, बेल दाबली, आणि आतून हे चार प्रश्न आले. फाटक बंदच.

मी म्हटलं, "रत्नागिरीकडचा आहे, काका. खोली बघायला आलो."

आतून खोकला.

"रत्नागिरी. म्हणजे बंदर."

"हो, बंदरच आमचं."

"आणि बंदर सोडून एवढ्या दूर, नेमकी माझ्याच घरातली खोली पाहून राहिला तू?"

"बँकेने पाठवलं, काका."

"पुरावा?"

मी बँकेचं पत्र फाटकाखालून सरकवलं. ते त्यांनी उलटं धरून, उन्हात धरून, वास घेऊन वाचलं. मग फाटकाच्या जाळीतून म्हणाले, "हात दाखव." मी दोन्ही हात आत घातले. त्यांनी तळवे उलटसुलट करून पाहिले, अंगठ्याने दाबून पाहिले.

"दोर ओढलेला हात नाही हा. म्हणजे एक तर तू खरं बोलून राहिला, नाही तर आळशी आहेस." मग कडी काढता काढता स्वतःशीच म्हणाले, "राहू दे. असला माणूस नजरेसमोर असलेला बरा."

अशी मला खोली मिळाली.

काका मूळचे नागपूरचे, पण नोकरी सगळी समुद्राकाठी. एका विमा कंपनीत होते, मासेमारीच्या बोटींचे दावे तपासायचे. कुणाची बोट फुटली, कुणाचं जाळं गेलं, की कागद काकांकडे. आणि काकांचा नियम एकच. दावा आला म्हणजे तो खोटा, खरा ठरेपर्यंत. निवृत्त झाले तरी नियम निवृत्त झाला नाही. दूधवाला म्हणाला आज म्हैस आटली, की काका विचारणार, "म्हैस कुठे आहे? पाहू." शेजारच्या भाभीजींनी लग्नाची मिठाई पाठवली, की आधी लग्नाचा फोटो मागणार. भाभीजी मला गच्चीवरून म्हणायच्या, "भैया, आपके अंकल तो भगवान से भी आधार कार्ड माँगेंगे."

ते जयपुरात का राहिले, याचं उत्तर मला महिनाभराने कळलं. शेवटची बदली इथे झाली हे खरं, पण तेवढंच नाही.

"इथून समुद्र किती दूर?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"लय दूर."

"म्हणजे इथे माझी गोष्ट चोरणार कोण?"

ती गोष्ट म्हणजे कडी. आता ती समजायला थोडं जाळं समजून घ्या. बटव्याला तळाशी नाडी लावली तर कसा दिसेल, तसं पर्ससीनचं जाळं असतं. माशांचा थवा दिसला की बोट त्याच्याभोवती गोल फिरून जाळं सोडते. वरच्या दोराला तरंगणारे बोये, खालच्या दोराला वजनं आणि कड्या, आणि त्या कड्यांमधून ओवलेली ती नाडी. नाडी यंत्राने ओढली की तळ बंद, बांगडा आत. पण जाळं बुडायला उशीर झाला, नाडी कड्यांत घासून अडली, तर तेवढ्यात अख्खा थवा खालून पळतो. मग पुन्हा फेरी, पुन्हा डिझेल. काकांनी आयुष्यभर फाटलेली जाळी, जळलेली यंत्रं आणि रिकामे हात पाहिले, आणि त्यांच्या डोक्यात बसलं की सगळा घोळ त्या कडीत आहे. तिच्या आत चाक पाहिजे, म्हणजे नाडी घासणार नाही, धावेल. आणि ती एका बाजूने उघडली पाहिजे, म्हणजे वर आली की झटक्यात सोडवता येईल.

मी म्हटलं, "काका, आमच्याकडे छोटे होडीवाले पर्ससीनचं नाव काढलं तरी शिव्या घालतात. म्हणतात समुद्र खरवडला यांनी. आणि तुम्ही त्यांचंच काम सोपं करताय?"

"बरोबर म्हणून राहिले ते," काका म्हणाले. "पण दहा फेऱ्यांत मिळायचं ते चार फेऱ्यांत मिळालं, तर सहा फेऱ्यांचं डिझेल वाचलं ना?"

"आणि त्या डिझेलमध्ये त्यांनी आणखी सहा फेऱ्या मारल्या तर?"

काकांनी माझे तळवे पुन्हा एकदा पाहिले. "तुला हे कुणी विचारायला सांगितलं?"

एका रविवारी माझा चहा फाटला. दूध बदललं, पुन्हा फाटला. मग नळाचं पाणी तोंडात घेतलं तर खारट! मी खाली धावलो.

"काका, पाण्यात मीठ आहे!"

"तुला कसं कळलं?"

"चाखलं."

"काहून चाखलं?"

वर जाऊन पाहिलं तर गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं, शेजारी सांभरच्या मिठाचं रिकामं पोतं, आणि टाकीत छोटंसं जाळं लोंबतंय. काकांचं म्हणणं, गोड्या पाण्यात जाळं लवकर बुडतं आणि माणसाला खोटा आनंद होतो. खाऱ्या पाण्यात बुडेल तेव्हा खरं. म्हणून जयपूरच्या टाकीचा त्यांनी समुद्र केला. त्या समुद्राने मी आठवडाभर आंघोळ केली. केस असे ताठ, की बँकेतला मॅनेजर म्हणाला, "क्या बात है, जेल लगाते हो?"

त्या छोट्या जाळ्याला कड्या म्हणून लाखेच्या बांगड्या होत्या. बाजारातून काकांनी स्वतः पारखून आणल्या. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेला, एकटा राहणारा म्हातारा पिशवी भरून बांगड्या आणतो म्हटल्यावर गल्लीत काय झालं असेल! भाभीजींनी मला गाठलं. "सच बताओ भैया, कौन है वो?" मी म्हटलं, "भाभीजी, टंकी में रहती है." त्यांनी तीन दिवस आमच्या टाकीकडे पाहून नमस्कार केला.

पण खरी मजा खऱ्या कडीची. काकांना ती पितळेची करून हवी होती, आणि कारागिराला कळता कामा नये की ती कशाची आहे. म्हणून त्यांनी तिचे दोन तुकडे केले. अर्धी कडी आमेरच्या रस्त्यावरच्या एका माणसाला दिली, जो उंटांच्या साजाची पितळी कामं करतो. त्याला सांगितलं, उंटाच्या तंगाला, पोटाखालच्या पट्ट्याला, पाहिजे. उरलेली अर्धी, उघडझाप करणारी, शहरातल्या एका झुलेवाल्याला. त्याला सांगितलं, तीजेच्या सणाला बांधतात त्या झोक्याला पाहिजे. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

दोन्ही अर्ध्या मी जाऊन आणल्या. उंटवाल्याने विचार केला, उंट मोठं जनावर, जोर लावणार. त्याने आपली अर्धी दुप्पट जाड केली. झुलेवाल्याने विचार केला, कुणाची तरी मुलगी झुलणार. त्याने आपल्या अर्धीवर, उघडायच्या खिट्टीच्या टोकाला, सुंदर मोर काढला. मान वळवलेला, तुऱ्यासकट.

काका खुर्चीत बसले आणि त्या मोराकडे पाहत राहिले.

"मोराचे पैसे घेतले त्याने?"

"नाही. म्हणाला, बिटिया के लिए है, मोर हमारी तरफ से."

"फुकट काहून? फुकट कोणी मोर देतं का बाप्पा? ही खूण आहे. कुणाला तरी दाखवायची खूण."

मोर घासून काढायला त्यांनी कानस हातात घेतली. मग थांबले. घासला तर खूण कुणासाठी होती ते कधीच कळणार नाही, म्हणून ठेवला. जाड अर्धी मात्र आम्ही दोघांनी गच्चीवर बसून कित्येक रविवार घासली. पितळेचा भुगा माझ्या डब्यात, काकांच्या भुवयांवर. शेवटी दोन्ही अर्ध्या एकमेकींत बसल्या, खिट्टी लागली, आतलं चाक फिरलं. काकांनी कडी कानाशी धरून चाक फिरवलं आणि डोळे मिटले. त्या वेळी मी त्यांची नक्कल केली नाही. येतच नव्हती.

नकलेवरून एकदा मात्र चांगलाच फसलो होतो. भाजीवाला गेटवर हुज्जत घालत होता. काका आत झोपलेत असं समजून मी त्यांच्या आवाजात ओरडलो, "कोण? भेंडी कुठली? पुरावा?" भाजीवाला गाडी घेऊन पळाला, भाभीजी गच्चीवर पोट धरून बसल्या, आणि मागे वळतो तो काका उभे. मला वाटलं आता बॅग भरावी लागणार. पण ते रागावले नाहीत, घाबरले.

"म्हणजे माझ्या आवाजात तू कुणालाही काहीही सांगू शकतो."

त्या दिवसापासून ते दूधवाल्याला, कुरियरवाल्याला, सगळ्यांना बजावू लागले, "आवाजावर जाऊ नका. आवाजाचा काही पुरावा नसतो."

कडी झाली, पण पुढे काय? रोज सकाळी काढायची, पुसायची, परत रुमालात. काका बारीक होत चालले. एकदा जेवताना म्हणाले, "टाकीत दावा सिद्ध होत नाही रे. तो समुद्रातच होतो. आणि समुद्रात नेणारा माणूस म्हणजे चोरणारा माणूस." पर्ससीनला वर्षातले मोजकेच महिने परवानगी. तो हंगाम गेला की कडी आणखी वर्षभर रुमालात. आणि काकांच्या वयात वर्ष म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं, मलाही दिसत होतं.

तेवढ्यात माझ्या शाळेतल्या दोस्ताच्या अब्बांचा फोन आला. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांची स्वतःची पर्ससीन बोट आहे. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की चाचा दर वर्षी अजमेरच्या दर्ग्याला जातात. या वेळी म्हणाले, "जयपुरात उतरतो, तुला बघून जातो. तुझ्या आईने सुके बांगडे दिलेत."

मी काकांना सांगितलं. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाले, "येऊ दे. पण बांगडे आधी मी तपासणार."

चाचा आले. फाटकाशी चार प्रश्न झाले. चाचांनी जाळीतून आत पाहिलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अरे, हा तो!" ते मला म्हणाले. "विम्याचा साहेब! माझं जाळं तळाला खडकात अडकून गेलं, तेव्हा म्हणाला, पुरावा आणा. खडक उचलून आणू काय मी?"

काकांनी फाटक उघडलं नाही. पण ओळखलं त्यांनीही. "खडकाने फाटलेलं नव्हतं ते जाळं," ते हळूच म्हणाले. "जो तुकडा तुम्ही आणला, तो चाकूने कापलेला होता. सरळ रेषेत."

मी मध्ये. एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला सुके बांगडे.

चाचा म्हणाले, "कापलंच चाकूने. जाळं अडकलं, नाडी ताणलेली, बोट एका अंगावर कलायला लागली. कड्या सोडवत बसायला वेळ कुठे होता? आठ पोरं होती वर. मीच कापलं माझ्या हाताने."

"मग तसं काहून नाही सांगितलं तेव्हा?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही पुरावा मागितलात."

फाटकाची कडी काढायचा आवाज आला. चाचांना त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं, तिथे मला कधी बसू दिलं नव्हतं. आतून रुमाल आणला आणि उलगडून समोर ठेवला.

चाचांनी कडी उचलली. चाक फिरवलं. मोराच्या मानेत अंगठा घातला आणि दाबला. खट्. उघडली. पुन्हा लावली, पुन्हा खट्. त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर ओतून घेतलं, ओल्या हाताने उघडून पाहिली. मोराच्या मानेत अंगठा बसत होता, सटकत नव्हता.

"ही असती," चाचा म्हणाले, "तर कदाचित कापावं लागलं नसतं."

"कदाचित चालत नाही," काका म्हणाले. "बघावं लागेल."

ठरलं. अजमेरहून परतताना चाचा कडी घेऊन जाणार, हंगाम सुरू झाला की बाकीच्या कड्यांत ही एक लावून पाहणार. परतीच्या दिवशी काकांनी त्यांना एक डबा दिला, चिकटपट्टीने असा गुंडाळलेला की डबा कुठला आणि पट्टी कुठली कळू नये. गाडी सुटली. मला एवढा आनंद झाला की मी स्टेशनवर बोट चालवणाऱ्या तांडेलाची आरोळी ठोकली आणि एक पोलीस माझ्याकडे चालत आला.

मी घरी पोचतो तोच गाडीतून चाचांचा फोन. "बाबा, डबा उघडला. यात अर्धीच आहे."

मी खाली गेलो तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. "काका, त्या माणसाने तुमच्यावर विश्वास टाकला. आणि तुम्ही अर्धी दिलीत?"

काका ट्रंक भरत होते. शर्ट, औषधं, कानस.

"अर्धी त्याच्याकडे, अर्धी माझ्याकडे. आता दोघांपैकी कुणीच चोरू शकत नाही."

"मग जोडणार कोण?"

"मीच. तिथेच, बोटीवर." त्यांनी मोराची अर्धी खिशात टाकली. "तो कापून राहिला होता तेव्हा मी तिथे नव्हतो. या वेळी राहीन."

निघायच्या सकाळी मला समोर बसवलं. मला वाटलं किल्ल्यांबद्दल सांगणार. किल्ल्या त्यांनी कमरेलाच ठेवल्या.

"घर रिकामं आहे हे गल्लीला कळता कामा नये," ते म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ माझ्यासारखा ओरड. खोकला विसरू नको. तिसऱ्या प्रश्नाच्या आधी."

मी म्हटलं, "काका, आवाजाचा पुरावा नसतो ना?"

"नसतो. म्हणूनच तुला देऊन राहिलो." आणि जाता जाता वळून, "कुणालाही फाटक उघडू नको. कुणालाही म्हणजे कुणालाही."

मग मी काका झालो. दूधवाल्याला म्हशीबद्दल विचारलं. कुरियरवाल्याला हात दाखवायला लावला. भाभीजींनी गच्चीवरून हाक मारली, "भाईसाब, बहुत दिन से दिखे नहीं?" मी पडद्याआडून, नाकातून, "आप क्यों पूछ रही हैं?" भाभीजी समाधानाने आत गेल्या, "ठीक हैं, ठीक हैं, वैसे ही हैं." हळूहळू मलाच संशय यायला लागला. बँकेत एक जण लाडू घेऊन आला तर माझ्या तोंडून निघालं, "काहून?"

काकांचा फोन यायचा, पण ते बातमी द्यायचे नाहीत. "लाइनवर कोण ऐकून राहिलं माहीत नाही," एवढंच. मागे समुद्र ऐकू यायचा आणि मला घरची आठवण व्हायची. चाचांना लावला तर तेही म्हणायचे, "साहेबाने शपथ घातलीय, बाबा, बोलायचं नाही." मतलब तिकडेही साथ पसरली होती.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी बेल वाजली. मी आतून, घशातून, "कोण?"

"मी."

मला आवाज लगेच कळला. दमलेला होता, खोकला खरा होता. हात फाटकाच्या कडीकडे गेला आणि तिथेच थांबला. कुणालाही म्हणजे कुणालाही.

"काय काम?" मी नाकातून विचारलं.

बाहेर ट्रंक खाली ठेवल्याचा आवाज. मग, "राहायचं काम आहे. घर आहे माझं."

मी खोकलो. "कुणी पाठवलं?"

"चाचांच्या बोटीच्या तांडेलाने. म्हणाला, साहेब, अशा बाकीच्या सगळ्या करून आणा. एकाच कारागिराकडून. मोरासकट."

पण एक प्रश्न राहिला होता, आणि माणूस ज्यांचा आवाज वापरतो त्यांच्या नावाला बट्टा लावू नये.

"पुरावा?"

फाटकाखालून कडी सरकत आत आली. अख्खी. पितळ काळवंडलेलं, मोराचा तुरा चेपलेला, आणि चाकाच्या फटीत चिकटलेला चांदीसारखा एक खवला. मी उचलून नाकाला लावली. तारली. तिलक नगरात, भर दुपारी, तारलीचा वास.

"आता तरी उघडून राहिला का नाही?"

मी म्हटलं, "हात दाखवा."

फाटकाच्या जाळीतून दोन हात आत आले, म्हातारे. मी ते उलटे केले. तळव्यांची साल निघालेली होती, आडवी, दोराच्या रेघेने. अंगठ्याने दाबून पाहिलं तर त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि नागपुरी शिवी हासडली.

मी फाटक उघडलं.